कायकेबाई आणि तो फुकटचा

मी एका शाळेतला, संगणकावर लिहिण्याचा प्रोग्रॅम बोलतोय. विकतचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या पोटात जी आग आहे ती एका फुकटच्या प्रोग्रॅमने लावली आहे.

एका मोठ्या कंपनीत शेकडो माणसांनी मला घडवलं आणि बाहेर पाठवताना माझं आतलं सगळं कुलूपबंद केलं. कुणी आत डोकवायचं नाही, काही बदलायचं नाही. मला त्याचा अभिमान होता. घरंदाज माणसानं असंच असावं, असं वाटायचं.

उत्तर समुद्रातल्या, जर्मनीच्या फ्योर बेटावरच्या सरकारी शाळेत मी आलो आणि कायकेबाईंच्या संगणकावर राहिलो. बाई लहान मुलांना जर्मन शिकवायच्या, आणि फेरिंगही, म्हणजे बेटाची स्वतःची भाषा. फेरिंगची पुस्तकं पुरेशी नव्हती. मग बाई गावातल्या म्हाताऱ्यांकडे चहाला जायच्या, बोटी बुडाल्याच्या, वादळांच्या, मेंढ्यांच्या गोष्टी ऐकायच्या आणि परत येऊन धडे लिहायच्या. सगळे माझ्यात. लिहिताना त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, आणि मला वाटायचं, माझ्याशीच बोलतायत.

अडचण एकच. मला फेरिंग येत नव्हतं. प्रत्येक फेरिंग शब्दाखाली मी लाल रेघ ओढायचो. बाईंनी त्यांच्या संगणकावर मला काही शब्द शिकवले, पण वर्गातल्या संगणकांवर मी पुन्हा कोराच. त्यांनी कंपनीकडे विनंती केली. ही भाषा बोलणारे फार थोडे आहेत, असं उत्तर आलं. "असू दे," बाई म्हणाल्या आणि पुढे लिहू लागल्या.

मग हार्के आला. विज्ञानाचा नवा शिक्षक. त्याच्या संगणकावर तो दुसरा होता, ज्याला कुणी विकत घेत नाही आणि ज्याच्या आत कुणीही हात घालावा. मी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, फुकटचा. दिसायला माझ्यासारखाच, पण जरा गबाळा.

एकदा मधल्या सुट्टीत हार्केनं बाईंना हाक मारली. बाई गेल्या त्या घंटा होईपर्यंत परतल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेल्या. त्या एकेक फेरिंग शब्द सांगत होत्या, हार्के तो फुकटच्यात भरत होता, आणि फुकटचा वर्गांत आला तर तो शब्द लगेच सगळीकडे पोचणार होता. बाई हसत होत्या. माझ्यासमोर त्या कधी तशा हसल्या नव्हत्या. मी इकडे उघडाच होतो, अर्धवट वाक्य घेऊन.

माझ्या परवान्याचं वर्ष संपत आलं, तेव्हा मुख्याध्यापिका इंगकेबाईंनी सगळ्या शिक्षकांना बसवलं. मला ठेवायचं की त्याला आणायचं?

"हे बिघडलं तर फोन कुणाला करायचा?" इंगकेबाईंनी विचारलं.

"मला," हार्के म्हणाला.

"आणि तुझी बदली झाली की?"

संगीत शिकवणाऱ्या बाईंनी मान डोलावली. मी जिंकलो होतो जवळजवळ.

तेव्हा कायकेबाई बोलल्या. "मला हा जुनाच बरा वाटतो. हात बसलाय माझा. पण परवा वर्गात थुरिडनं 'आयलुन' लिहिलं. बेटाला तिची आजी तेच म्हणते. खाली लाल रेघ आली. मी म्हटलं, अगं, बरोबर आहे तुझं. तिनं माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि शब्द खोडून जर्मन शब्द लिहिला."



"दुरुस्ती शिकू की सगळेच," संगीताच्या बाई म्हणाल्या. "म्हणजे एकट्या हार्केवर नको."

ठरलं. तो आला.

पुढे प्रगतिपुस्तकांच्या वेळी त्यानं सगळे तक्ते वेडेवाकडे केले. शिक्षक वैतागले, कायकेबाईंनी तर टेबलावर हात आपटला, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण हार्के आणि शेजारच्या आमरुम बेटावरची एक शिक्षिका त्याला खोलून बसले आणि दुरुस्त करून उठले. मला असं कुणी कधी खोललं नाही. माझ्यासाठी कुणी असं डोकं लावून बसलं नाही. चूक राहिली तर राहिली, कंपनीची पुढची आवृत्ती येईपर्यंत.

मात्र बाईंचे जुने धडे माझ्यात होते, माझ्याच कुलूपबंद साच्यात. त्याच्यात उघडले की ओळी सरकायच्या, चित्रं शब्दांवर चढायची. म्हणून माझी मुदत संपेपर्यंत बाई शाळा सुटल्यावर मला उघडतात आणि एकेक धडा माझ्यातून काढून, ओळी हातानं नीट लावत त्याच्यात नेतात. तेवढा वेळ त्या माझ्या असतात. खोटं कशाला बोलू, प्रत्येक धडा अडला की मला बरं वाटतं. अजून थोडा वेळ बसतील.

आज एकच धडा उरला आहे. लाटेनं नेलेल्या घरांचा. तो सांगणारे आजोबा आता नाहीत. बाई तिसऱ्यांदा काढून बघतायत आणि तिसऱ्यांदा ओळी तुटतायत. त्यांचे डोळे भरून आले आहेत.

मला आता बरं वाटत नाही. घेऊन जा बाई, असं म्हणावंसं वाटतं. त्याच्याकडे का होईना, पण न्या. मी हात सोडायला तयार आहे. पण ज्यांनी मला घडवलं, त्यांनी मला फक्त धरून ठेवायला शिकवलं.