शाफ्टमध्ये उतरायचं होतं म्हणून

पोट लहान करायच्या शस्त्रक्रियेला माणसं नाना कारणांनी तयार होतात. कुणाला गुडघे वाचवायचे असतात, कुणाला रक्तातली साखर आटोक्यात आणायची असते. पैलवानाने डॉक्टरांना सांगितलं, की मला लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायचंय. डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.

पैलवान हा लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर. ऐन तिशीत त्याने एक मोटर एकट्याने जिन्यावरून चार मजले वर नेली, तेव्हा हे नाव पडलं. पुढे अंग सुटत गेलं, नाव तेच राहिलं. बावीस वर्षं त्याची जोडी काडीबरोबर होती. काडी सात वर्षांनी मोठा, आणि नावासारखाच. दोघं एकाच टॉर्चच्या उजेडात काम करायचे. काय हवंय ते एकमेकांना सांगावं लागायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरताना पैलवान शिडी आणि भिंतीच्या मध्ये अडकला. अर्धा तास वर येता येईना, खाली जाता येईना. शेवटी काडीने शिडीचे बोल्ट काढून त्याला सोडवलं. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी त्याला ऑफिसात फोनवर बसवलं. कुठे लिफ्ट बंद पडली की लोक फोन करायचे, हा पत्ता लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी धाडायचा. खुर्ची चांगली होती, डोक्यावर पंखा होता. संध्याकाळी घरी आल्यावर तो सवयीने हात घासायचा, पण पाणी स्वच्छच वाहायचं. एकदा बायकोने त्याला बेसिनपाशी साबण धरून नुसता उभा असलेला पाहिलं. डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली.

शस्त्रक्रिया नीट झाली. शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेल्या हवेची कळ कुठून कुठे जाऊन खांद्यात बसली होती, तेवढा एक त्रास. औषधाच्या इवल्याशा कपात पाणी मिळायचं, तेही घोट घोट करून प्यायचं. भूक म्हणावी तर लागत नव्हती, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे. दर दोन तासांनी थोरल्या सिस्टर यायच्या, काका उठा म्हणायच्या आणि कॉरिडॉरमध्ये पिटाळायच्या. बाकीचे पेशंट खिडकीपर्यंत जाऊन परत फिरायचे. हा दुसऱ्या टोकाला, लिफ्टपर्यंत जायचा. बंद दारावर तळवा ठेवायचा. आत दोर फिरायला लागले की ती बारीक थरथर हाताला कळायची, आणि दाराच्या फटीतून वंगणाचा, थंड लोखंडाचा वास वर यायचा. तो डोळे मिटून घ्यायचा. बायको त्याच्या पोटाला लावलेल्या नळीची पिशवी धरून शेजारी उभी असायची आणि मुद्दाम भिंतीवरच्या सूचना वाचत राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी डावीकडच्या लिफ्टसमोर पिवळा कठडा लावलेला होता आणि दारापाशी काडी गुडघ्यांवर बसला होता. दोन वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता.

"दाराचा खालचा बूट घासतोय," पैलवान म्हणाला. "आलो तेव्हापासून ऐकतोय."

काडीने आवाज ओळखला, पण मान लगेच वळवली नाही. "तोच बदलतोय," तो म्हणाला आणि दार ज्यावर खाचेतून सरकतं तो झिजलेला तुकडा वर धरून दाखवला.

बायकोने दोघांकडे एकदा पाहिलं, पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि घरी सोडण्याच्या कागदांचं काय झालं ते बघून येते म्हणून निघून गेली. काडी चिंधीच्या बोळ्याने हात पुसत बाकावर येऊन बसला. तब्येतीचं विचारून झालं, मुलांचं विचारून झालं.

"साहेबांना मीच सांगितलं होतं," काडी म्हणाला. "तुला खाली पाठवू नका म्हणून. त्या अर्ध्या तासात तुझ्या बायकोला काय सांगायचं, तेच मी मनात जुळवत होतो. पुन्हा तुला घेऊन उतरायची माझी छाती झाली नाही."

दोन वर्षं पैलवान साहेबांना शिव्या घालत होता. आता त्या सगळ्या परत घ्याव्या लागणार होत्या, आणि काडीला द्यायला एकही तोंडातून निघेना. राग आला नव्हता असं नाही. पण त्याला जास्त लागलं होतं ते दुसरंच.

"मग घरी यायचं का सोडलंस?"

"कुठल्या तोंडाने येणार?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार होतास."

काडी हसला. पैलवानालाही हसू आलं, टाक्यांना ओढ बसली, त्याने पोट धरलं. मग त्याने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. वजन शंभराच्या खाली आलं, की सहा महिन्यांनी काम करायला हरकत नाही. कंपनीही तपासणी करून परत त्या कामावर घेईल.

"सहा महिन्यांनी उतरू आपण," तो म्हणाला.

काडीने हातातला बोळा उलटसुलट केला. "माझे चारच राहिलेत रे. मग निवृत्त."

पैलवानाने मनातल्या मनात हजारदा शाफ्ट उतरून पाहिला होता. पडल्या पडल्या दुसरा उद्योग काय होता? पण टॉर्च धरणारा दुसरा कुणी असेल, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तो समोरच्या बंद दाराकडे बघत राहिला. सहातून चार गेले की दोन. दोनच महिन्यांनी चुकामूक होणार होती.

तेवढ्यात थोरल्या सिस्टर सूपचा कप घेऊन आल्या आणि अर्धा तास लावून प्या म्हणून बजावून गेल्या. काडीची जेवायची वेळ झाली होती. हत्यारांच्या पिशवीतला डबा त्याने काढला आणि न उघडता मांडीवर ठेवला.

"उघड," पैलवान म्हणाला. "मला काही होत नाही."

काडीने डबा उघडला. एरवी तो पाच मिनिटांत डबा संपवून उठणारा माणूस. आज घास घेतला की चमचा खाली ठेवायचा, पैलवानाच्या कपाकडे बघायचा, सावकाश चावत राहायचा. पैलवान एक घोट घेई, थांबे. कॉरिडॉरमधून माणसं जात येत होती. कुणीतरी लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून विचारलं, काडीने जेवण झाल्यावर म्हणून सांगितलं.

बायको कागद घेऊन परत आली तेव्हा कपात दोन घोट उरले होते आणि डब्यात दोन घास. ती बाकाच्या कडेला बसली आणि वाट बघत राहिली.