ते मी लिहिणार नाही

थोरलीने विद्यापीठात वर्तन विश्लेषण हा विषय घेतला तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे माणसं बघत बसायचं? ते मी गॅलरीत फुकट करतो." सगळे हसले. थोरलीही हसली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन प्रवेश घेऊन आली. तिला बँकेत चिकटवायचं बाबांच्या मनात होतं. ते आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष काम करायचं होतं. कुणाला विशेष मुलांची शाळा मिळाली, कुणाला कारखान्याचा सुरक्षा विभाग. थोरलीच्या वाट्याला वृद्धाश्रम आला.

तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांना आता फारसं काही आठवत नसे, पण हात चांगले चालायचे. अंघोळीच्या वेळी त्या मदतनीस ताईंना मारायच्या, चावायच्या.

व्यवस्थापक म्हणाले, "यांना शांत करायची योजना लिहून द्या. नाहीतर डॉक्टरांना सांगून गोळी वाढवतो."

थोरली काही दिवस न्हाणीघराच्या पडद्याआड उभी राहिली. ताई घाईत असायच्या. मागून येऊन, न बोलता, बाईंच्या डोक्यावर पाणी ओतायच्या. बाई आधी "थांब" म्हणायच्या. पुन्हा म्हणायच्या. मग हात उचलायच्या.

"ताई, थांबून बघायचं का?"

"आणि पुढच्या आजींना अंघोळ कोण घालणार? तू?"

"घालते ना."

दुसऱ्या दिवशी ताई समोरून आल्या आणि तांब्या बाईंच्याच हातात दिला. बाईंनी पायांवर पाणी घेतलं. मध्येच "थांब" म्हणाल्या. ताई थांबल्या. जरा वेळाने बाईंनी वर्गाला परवानगी द्यावी तसं म्हटलं, "हं, चालू दे." त्या दिवशी कुणी मार खाल्ला नाही. वेळ मात्र दुप्पट लागला.

व्यवस्थापकांनी थोरलीला बोलावून घेतलं. "एका अंघोळीला एवढा वेळ परवडत नाही. बाईंनी विरोध करू नये, एवढंच उद्दिष्ट लिहा."

"ते मी लिहिणार नाही, सर."

"मग काय लिहिणार?"

"बाई थांब म्हणाल्या की आपण थांबायचं."

"म्हणजे वळण आम्हाला लावणार तुम्ही?"

"हो. त्या आधी तोंडाने सांगतात. आपण ऐकत नाही म्हणून हाताने सांगतात. गोळी वाढवली तर सांगणंच बंद होईल."

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. "कामाचा दाखलाही मिळणार नाही."

विद्यापीठातल्या मार्गदर्शक मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं चुकलं नाही. पण दाखल्याशिवाय सत्र धरता येत नाही. माफी मागून बघ."

"कशाची माफी मागू, मॅडम?"

तिने माफी मागितली नाही. सत्र वाया गेलं.

घरी बाबा म्हणाले, "तोंड आवरलं असतंस तर पदवी हातात असती."

"असती. आणि ती घेऊन मी जन्मभर म्हाताऱ्या माणसांना गप्प करत फिरले असते."

रविवारी बाईंची लेक भेटायला यायची. शिवणकाम करणारी, मोजकं बोलणारी. थोरलीने तिला फाटकाशी गाठून सगळं सांगितलं. गोळी वाढवायचं चाललंय हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. ती तडक आत गेली आणि व्यवस्थापकांसमोर बसली. "मला विचारल्याशिवाय आईला गोळी वाढवायची नाही. अंघोळही आता ताई थांबून घालतात तशीच."

"नाही जमलं तर?"

"आईला घरी नेईन. आणि का नेलं ते इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या नातेवाइकांना सांगेन."

तेव्हापासून बाईंची अंघोळ सगळ्यांत शेवटी होऊ लागली, म्हणजे घाई नको. व्यवस्थापक कुरकुरले, पण गोळी तेवढीच राहिली.

थोरलीने ते सत्र पुन्हा केलं, रुग्णालयात, पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर. पदवी उशिरा मिळाली. प्रत्येक मुलाखतीत उशिराचं कारण विचारत आणि ती सरळ सांगे. एका ठिकाणी विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर?"

"पुन्हा तेच करेन."

ती नोकरी हातची गेली. पुढचीही गेली. मग प्रौढ मतिमंदांच्या एका कार्यशाळेच्या प्रमुख बाईंनी तिचं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडची माणसं फार हट्टी आहेत. तुमचं जमेल त्यांच्याशी."

सोमवारी ती कामावर रुजू झाली.