दोरीवरचं क्रियापद

घरातलं मोठं माणूस काही नवीन शिकायला बसलं की आपल्याला हसू का येतं हो? लहान मूल पडत-धडपडत चाललं की आपण टाळ्या वाजवतो. पन्नाशीची बाई वही उघडून बसली की मात्र एकमेकांना डोळे मारतो. ही सवय तुमच्या घरी नसेल तर उत्तमच. मास्तरांच्या घरी होती.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, पायाशी जादा ब्रेक घेऊन त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली. त्यांच्या गाडीत एकच कायदा होता : शिकणाऱ्याला कुणी हसायचं नाही. एकदा मागच्या सीटवरचा एक नवरा बायकोची तारांबळ बघून हसला, तर मास्तरांनी त्याला भर रस्त्यात खाली उतरवला. आल्यागेल्याला ते ही गोष्ट अभिमानानं सांगत. बायको चहाचे कप ठेवता ठेवता ती दर वेळी नव्यानं ऐके.

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन दूर देशी गेलेली. तिच्या घरी बोलायची भाषा स्पॅनिश. सहा वर्षांच्या नातीला मराठी येत नव्हतं आणि आजी-आजोबांना स्पॅनिश. दर रविवारी फोनच्या पडद्यावर इकडून हात हलायचे, तिकडून हात हलायचा, की झाली भेट! एका रविवारी मात्र नात बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. आजी कौतुकानं मान डोलवत होती, हसत होती. मग लेक पडद्यावर आली आणि म्हणाली, "आई, तिचं मांजर मेलं गं काल."

त्या दिवशी आजीच्या घशाखाली घास उतरला नाही. "पोर मांजर मेल्याचं सांगत होती आणि मी दात काढत होते!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं वाचनालयाच्या वरच्या खोलीत चालणाऱ्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं.

वर्गातल्या बाईंनी पहिलं क्रियापद दिलं : आब्लार, म्हणजे बोलणं. सरळ चालीचं क्रियापद. याची रूपं एकदा तोंडात बसली की त्याच साच्यात शेकडो क्रियापदं बसतात, असं बाई म्हणाल्या. घरकामातून पाठांतराला वेळ कुठला? तिनं युक्ती काढली. गॅलरीत धुणं वाळत घालायच्या तीन दोऱ्या होत्या. पहिल्या दोरीवर आज, दुसरीवर काल, तिसरीवर उद्या. एका चिमट्याला एक रूप. आब्लो, मी बोलते, पायमोजा. आब्लास, तू बोलतोस, रुमाल. सहा चिमटे लागले की दोरी पूर्ण. तिसऱ्या दोरीवर गाडी आली की तिचा आवाज जरा चढायचा. आब्लारे! मी बोलेन!

"गुळण्या करतेस की भाषा शिकतेस?" मास्तर आतून ओरडायचे. "या वयात जीभ वळते होय!"

सुरुवातीला तीही हसायची. दुसरं करणार काय? हसण्यात सामील झालं की निदान आपल्यावर कुणी हसतंय असं वाटत नाही.

एका सकाळी ती दुसऱ्या दोरीवर अडली. "आब्लास्ते... आब्लास्तेस... आब्लास्तेइ..." पाचवं रूप काही केल्या निघेना. एका हातात ओला सदरा, दुसऱ्या हातातला चिमटा निसटून खाली रस्त्यावर. पडद्याआड उभे राहून मास्तरांनी हे सगळं फोनवर टिपलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'आमच्याकडे परदेशी धुणं वाळतंय!' चाळीस जणांनी हसून लोळणारी चित्रं पाठवली. धाकट्या दिरानं लिहिलं, 'वहिनींच्या जिभेचा क्लच गेलाय, दादा. गॅरेजला न्या.'

तिनं ते पाहिलं. भांडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून धुणं आतल्या खोलीत, पलंगाच्या वर बांधलेल्या सुतळीवर वाळू लागलं. मुकाट. वर्गही सुटला. "कंटाळा आला," ती म्हणाली, आणि मास्तरांनी ते सोयीस्करपणे खरं मानलं. पुस्तक रद्दीत गेलं. त्याच सुमाराला नातही फोनवर यायची बंद झाली. कधी खेळायला गेलेली, कधी झोपलेली.

महिनाभरानं मास्तरांकडे एक नवीन बाई गाडी शिकायला आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, केस पांढरे. तिसऱ्याच दिवशी भर चौकात त्यांची गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. बाई चावी फिरवत राहिल्या, गाडी सुरू होईना. मास्तरांचं डोकं सणकलं. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ते कडाडले, "बोर्ड दिसत नाही का? माणूस शिकतोय! तुम्ही काय आईच्या पोटातून गाडी चालवत आलात?"

हॉर्न थांबले. बाईंनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"मास्तर, हे फार छान बोललात. घरी कधी बोललात का?"

"म्हणजे?"

"मी वाचनालयात स्पॅनिश शिकवते. तुमच्या मिसेस माझ्याच वर्गात होत्या. तुमचं नाव मला त्यांनीच सुचवलं होतं. म्हणाल्या, आमच्या ह्यांच्याकडे जा, ते शिकणाऱ्याला कधी हसत नाहीत."

मास्तरांचा चेहरा उतरला. "ती क्लिप होय? अहो, गंमत होती ती. घरातल्या घरात."

"चाळीस घरांत, मास्तर. फिरत फिरत माझ्या वर्गातसुद्धा आली. आत्ता मागून हॉर्न वाजले तेव्हा काय झालं? वाजवणारे आपापल्या वाटेनं गेले. गाडी बंद पडली ती माझी! तुम्ही तर हॉर्न वाजवायला माणसं बोलावलीत. मोठ्या माणसाला चुकायची लाज मुळातच असते. ती गिळून तो तोंड उघडतो. त्याच तोंडावर आपण हसतो. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त चुका त्यांच्या व्हायच्या, कारण सगळ्यांत जास्त बोलायच्या त्या. अजून दोन महिन्यांत नातीशी गप्पा मारल्या असत्या त्यांनी."

संध्याकाळी मास्तरांनी गॅलरीत जाऊन लेकीला फोन लावला.

"खरं सांग, पोर फोनवर का येत नाही?"

"बाबा, ती क्लिप मी स्वयंपाकघरात बघत होते. मागे ही उभी. मला विचारते, आजी माझी भाषा बोलतेय ना? मग सगळे हसतायत का? काय सांगू मी तिला?"

"अगं, लहान आहे ती..."

"लहान आहे म्हणूनच! बाबा, आई शिकतेय कळल्यापासून ती माझ्याकडून मराठी शिकत होती. चोरून. आईच्या वाढदिवसाला बोलून दाखवणार होती. त्या दिवशी तिनं वही मिटली. म्हणाली, मी बोलले तर मलाही हसतील."

अरेरे! एका हसण्यानं दोन तोंडं बंद झाली! बायकोची चेष्टा म्हणून मारलेला दगड सातासमुद्रापार जाऊन त्या कोवळ्या जिवाला लागला होता, आणि मारणारा महिनाभर मजेत जेवत होता.

मास्तरांनी क्लिप पुसली, ग्रुपवर माफी मागितली. बैल गेला अन् झोपा केला! ज्यांनी बघायची त्यांनी बघून, पुढे पाठवून झाली होती. माफीवरसुद्धा दिरानं एक हसरं चित्र टाकलंच. मग ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले. सगळं सांगितलं, नातीच्या वहीचंसुद्धा.

वहीचं ऐकून ती पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्हाला माफ केलं हो. पण जीभ आता माझं ऐकत नाही. तोंड उघडलं की वाटतं, पडद्याआड कुणीतरी उभं आहे."



रविवारी मास्तरांनी रद्दीतून पुस्तक काढलं. धुण्याची बादली घेऊन स्वतः गॅलरीत गेले, फोन कुंडीला टेकवून उभा केला. लेकीनं नातीला कसंबसं समोर आणून बसवलं होतं. पोर मान खाली घालून होती. समोरच्या इमारतीतून दोन माणसं बघत होती. बघू देत! मास्तरांनी पहिला चिमटा लावला. "आब्लो." दुसरा. "आब्लास." तिसरा. "आब्ला." चौथ्याला गाडी बंद पडली. "आब्ला... आब्लोमास..." घाम फुटला. तीस वर्षं ज्या सीटशेजारी बसले, त्या सीटवर आज ते स्वतः होते.

"आब्लामोस," फोनमधून बारीक आवाज आला. "आजोबा, आब्लामोस."

पोर हसली नव्हती. मान वर करून, गंभीर डोळ्यांनी त्यांना सांगत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. मग तिनं त्यांच्या मागे बघितलं आणि मराठीत, तुटक तुटक विचारलं, "आजी... कुठे?"

आजी दारातच उभी होती. ती पुढे आली, बादलीतून एक रुमाल उचलून पहिल्या दोरीवर टाकला. नातीकडे डोळे भरून बघितलं. ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. त्या रविवारी नाही, नंतरच्याही नाही. मास्तर आता दुसऱ्या दोरीपर्यंत आले आहेत. तिसरी दोरी ते वापरत नाहीत. ती तिची आहे, म्हणतात, आणि रिकामी ठेवतात.

वाचकहो, हसायला आपल्याला एक मिनिट लागतं, आणि ज्याच्यावर हसलो त्याचं तोंड पुन्हा उघडायला वर्ष लागतं. कधी उघडतही नाही. तुमच्या घरात कुणी काही शिकत असेल, आई, बायको, म्हातारे वडील, कुणीही, तर मदत करता आली तर करा. नाही जमली तर निदान हॉर्न तरी वाजवू नका!