मोहाखालचा वाघ

माझ्या सासूबाई, सुगंधाबाई, वाघाला भीत नाहीत. त्या भितात फक्त बायनाबाईंना.

दोघींची मोहाची झाडं जंगलात शेजारीशेजारी आहेत. आमच्या गावात कोणत्या घराचं झाड कोणतं ते ठरलेलं असतं, पण खाली पडलेल्या फुलांवर काही नाव लिहिलेलं नसतं. बायनाबाई आधी पोचल्या तर आपलीही फुलं वेचून नेतील, या धास्तीने सासूबाई अंधारातच टोपली घेऊन एकट्या निघतात. बायनाबाईंचंही तेच. खाली वाकलेली बाई अंधारात वाघाला चितळच वाटते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. गेल्या मोसमात शेजारच्या गावातली एक बाई अशीच गेली. तरी सासूबाईंचं पालुपद एकच.

"बायना थांबते का? मंग मी काऊन थांबू?"

मी गावच्याच शाळेत शिकवते. नागपूरच्या एका संस्थेने वन्यजीव शिक्षणासाठी शाळांना छोटी अनुदानं द्यायचं ठरवलं, तेव्हा मी अर्ज करायला धावलेच. इतर शाळांनी तक्ते मागितले, चित्रफिती मागितल्या. मी नाटक मागितलं. आमच्या या झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलभागातला माणूस भाषणाला जांभया देतो, पण पडदा उघडणार म्हटलं की बैलबंडी जुंपून लांबून येतो. अनुदान मंजूर झालं आणि त्यातून पडदा, माइक आणि वाघाचं सोंग आलं. सातवीतली दिव्यानी वाघ झाली, तिच्याच वर्गातली एक मुलगी अंधारात एकटी मोह वेचायला जाणारी बाई.

मोह गळायला लागायच्या तोंडावर, भर दुपारी शाळेच्या पटांगणात आम्ही प्रयोग लावला. अख्खा गाव लोटला. संस्थेकडून जिशान नावाचा तरुण बघायला आला होता. आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आणि घात झाला तो दिव्यानीमुळे. पोरीने काय वाघ केला! शेपटी आपटत, गुरगुरत ती अशी आली की पब्लिक येडं झालं. आमच्याकडे नट आवडला की नाटक थांबवून त्याला बक्षीस द्यायची रीत आहे, आणि देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारावं लागतं. कोणी वाघाला नारळ दिला, कोणी दुपट्टा. मोह वेचणारी मुलगी बिचारी वाकून वाकून अवघडली, आणि मागून कोणीतरी वाघाला ओरडून सांगितलं, खा तिले. जिशानने हळूच मला विचारलं की मॅडम, लोक वाघाच्या बाजूने आहेत का? नावं पुकारता पुकारता माझा पारा चढत चालला होता. करायला गेले काय आणि झालं काय!

मग वाघाने झडप घातली. टोपली उपडी झाली, फुलं स्टेजभर सांडली आणि मुलगी पडून राहिली. नाटकातली तिची शेजारीण आली, तिने हाक मारली. ओ आली नाही. तिने पुन्हा हाक मारली. पटांगण चिडीचूप झालं.

तेवढ्यात बायनाबाई उठून स्टेजवर चढल्या. आता आणखी एक बक्षीस वाघाला, असं म्हणून मी दात खाल्ले.

"माह्याकडून सुगंधाले बक्षीस पुकारा," त्या म्हणाल्या. "सुगंधा आल्याबिगर मी मोहाखाली जानार नाई. तिच्या झाडाचं एक फूल उचलनार नाई. उजेडलं का तिच्या दारातून तिले घेऊन जाईन."

मी पुकारलं. सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. बक्षीस मिळालेल्याने ते वर येऊन घ्यायचं असतं, पण त्या जागच्या हलेनात. त्यांचा ताठा मला पुरता ठाऊक. त्यांनी नकार दिला असता तर नाटक, वाघ, अनुदान, सगळं मुसळ केरात गेलं असतं.

शेवटी त्या पदर खोचून उठल्या. वर आल्या. बायनाबाईंकडे न बघताच त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला.

"दारातून कायले," त्या म्हणाल्या. "घरात ये. चाय मांडतो मी."

त्यानंतर मी माइकवर काय बोलले ते मला आठवत नाही. मी रडत होते, आणि स्टेजवर मरून पडलेली मुलगी उठून बसून टाळ्या वाजवत होती.