रखवालदार का थांबला

खांबकाका तरुणपणी एका सिनेमाच्या स्टुडिओत सुतार होते. उंची एवढी की कुठल्याही दारातून जाताना मान वाकवायची सवयच जडलेली. सुतारखान्यातल्या मंडळींनी त्यांचं नाव ‘खांब’ ठेवलं आणि वय झालं तसं त्याला ‘काका’ चिकटलं. त्यांनी ठोकलेले खोटे जिने, खोटे राजवाडे आणि कुठेच न उघडणारे दरवाजे लोकांनी कितीतरी सिनेमांत पाहिले. पडद्यावर ते स्वतः मात्र एकदाच आले, आणि तेही तोंड न दाखवता.

झालं असं, की ‘दूरचा तळ’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट परग्रहावरच्या वस्तीची. बाहेरची हवा विषारी, आत माणसं, आणि मधल्या अवजड दरवाजावर एक यांत्रिक रखवालदार. पत्रा आणि रबराचा तो सांगाडा अंगात चढवायला जो नट ठरला होता, तो ऐन वेळी तापाने फणफणला. दिग्दर्शकाने चहूकडे नजर फिरवली. शिडी न घेता वरच्या फळीला खिळे मारत असलेले खांबकाका त्याला दिसले. अर्ध्या तासात सुताराचा रखवालदार झाला.

आत जीव उकडून निघे. डोळ्यांच्या जागी लाल काचा होत्या, त्यांतून काहीएक दिसत नसे. म्हणून काकांच्या घोट्याला एक दोरी बांधलेली असायची. बाहेरून कुणी ती ओढली की हात वर करायचा, पुन्हा ओढली की दरवाजा लावायचा दांडा खाली.

सिनेमाचा शेवट असा होता. विषारी वादळ वस्तीवर चालून येतं. सगळे आत पोहोचतात, पण तरुण डॉक्टरीण मागे राहते. ती उतरणीवरून जिवाच्या आकांताने धावत येते, दरवाजाच्या अगदी तोंडाशी पोहोचते आणि तळहात वर करते. रखवालदार हात दांड्यावर ठेवून नुसता उभा. पाहणाऱ्यांचा श्वास अडकेल एवढा वेळ उभा. आणि मग तो दरवाजा लावून टाकतो. ती बाहेरच राहते.

लोकांनी त्या रखवालदाराला शिव्यांची लाखोली वाहिली. काका बायकोला घेऊन सिनेमा पाहायला गेले, तर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने त्याचा असा काही उद्धार केला, की काकूंनी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. गल्लीत बातमी फुटल्यावर पोरं काकांना ‘दारबंद्या’ म्हणू लागली. काका हसून साजरं करायचे. पण बोल लागलाच होता. सुताराने दरवाजे करावेत ते लोकांनी ये-जा करावी म्हणून, आणि जगाने लक्षात ठेवलं ते लावलेलं दार. त्यांनी तो सिनेमा पुन्हा पाहिला नाही.

वर्षं गेली. काकू गेल्या. स्टुडिओ बंद पडला. काका लेकीकडे राहू लागले, आणि तिथे त्यांना नातीच्या रूपाने त्या सिनेमाची कट्टर भक्त भेटली. ही नात आता चांगली मोठी, इस्पितळात लोकांचे कान तपासायचं काम करायची. ‘दूरचा तळ’ तिला तोंडपाठ होता आणि तिच्यासारख्यांची एक टोळीच होती. ते सगळे तासन्‌तास वाद घालत. रखवालदाराचं ते थांबणं हा त्यांच्या गळ्यातला काटा होता. कुणी म्हणे संकलन गचाळ, कुणी म्हणे पाहणाऱ्यांना टांगून ठेवायची स्वस्त युक्ती. आजोबा दोरीची हकिकत सांगायला तोंड उघडत, पण नात कानांवर हात ठेवायची. तिला ती ऐकायचीच नव्हती.

मग एक दिवस ती घरी आली ती रडकुंडीला येऊन. ‘दूरचा तळ’च्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा निघाला होता. आपल्या आवडत्या गोष्टीचं आता वाटोळं होणार, अशी तिची खात्री होती. काकांना तर मुळातच ही कल्पना पचेना.

“घर उभं राहिल्यावर पाया घालतात होय?” त्यांनी विचारलं.

तरी नवा सिनेमा आला तेव्हा नात त्यांना घेऊन गेलीच. टोळीने एका जुन्या थिएटरात दिवसभराचा बेत ठरवला होता. सकाळी नवा सिनेमा, जेवणाची सुट्टी आणि मग लागोपाठ जुना. काका गुडघ्यांची सबब सांगून पाहत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिने कडेची खुर्ची धरून ठेवली होती.

दिवे मालवले. काका झोपायच्या तयारीने बसले आणि झोप कुठच्या कुठे पळाली.

नव्या सिनेमात रखवालदार कोरा करकरीत होता. त्याला काहीच येत नव्हतं. दरवाजावर तोवर एक बाई पहारा देत असे. तीच त्याला शिकवते. वादळात डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणते, पावलं ऐक. कोण दमलंय, कोण जखमी आहे, कोण आपलं आहे, सगळं पावलं सांगतात. तिची एक चिमुरडी असते. ती त्या यंत्राला अजिबात भीत नाही. दुपारभर त्याच्यापाशी खेळते, आणि घरी जायची वेळ झाली की तळहात वर करते. त्यांचा तो ठरलेला इशारा. मी निघाले, आता दार लाव.

मग एका वादळात ही बाई मागे राहिलेल्या एका माणसासाठी दार क्षणभर जास्त उघडं ठेवते. तो माणूस वाचतो. पण तेवढ्या क्षणात विष आत शिरतं आणि झोपेतली माणसं झोपेतच जातात. दुसऱ्या दिवशी ती रखवालदारापुढे बसते. रडत नाही. एवढंच म्हणते, की माझ्याने हे पुन्हा व्हायचं नाही आणि तुझ्याने कधीच होता कामा नये, बाहेर माझी मुलगी असली तरी. आणि शेवटी ती मुलगी डॉक्टर होऊन वस्तीत परतते. रखवालदार दुरूनच तिची पावलं ओळखतो. तिथे सिनेमा संपतो.

दिवे लागले तेव्हा नातीचा हात काकांच्या बाहीत रुतला होता. सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. आसपासची मंडळीही दबक्या आवाजात बोलत होती. पुढे काय होणार ते प्रत्येकाला तोंडपाठ होतं, आणि त्याचीच सगळ्यांना धास्ती वाटत होती.

दुपारी जुना सिनेमा सुरू झाला. तेच रंग, तोच थोडा खरखरता आवाज. एका चित्राचाही फरक नव्हता. आणि तरी काकांना वाटलं, हा सिनेमा आपण कधी पाहिलेलाच नाही. रखवालदार कोपऱ्यात नुसता उभा असला तरी लोकांच्या नजरा त्याच्याकडे जात. डॉक्टरीण त्याच्यासमोरून गेली की त्याची मान किंचित वळायची. आत घामाने मान खाजायची म्हणून आपण ती वळवत होतो, हे काकांना चांगलं आठवत होतं. आता मात्र ते यंत्र तिच्यावर लक्ष ठेवून होतं.

मग वादळ आलं. डॉक्टरीण उतरणीवरून धावत सुटली. दरवाजाशी आली. तळहात वर केला.

पूर्वी याच जागी लोक ओरडायचे. आज अख्ख्या थिएटरात कुणी हलेना. ती जीव वाचवायची भीक मागत नव्हती. ती त्याला सांगत होती, की मी निघाले, आता दार लाव. आणि तो ऐकून उभा होता. दांड्यावर हात ठेवून, एवढा मोठा पत्र्याचा देह घेऊन तो उभा होता, कारण त्याला ते जमत नव्हतं. मग त्याने दार लावलं. कुठेतरी मागच्या रांगेत एका पुरुषाला हुंदका आवरला नाही.

काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या नटीने हात वर केला होता तो समोरच्या प्रखर दिव्याची तिरीप डोळ्यांवर आली म्हणून. स्वतः काका थांबले होते ते दोरी न ओढली गेल्यामुळे. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही पडद्यावर जे घडलं ते खरं होतं. त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले आणि ते पुसायचं त्यांना भानही राहिलं नाही.

दिवे लागल्यावर टोळीचा म्होरक्या, एक टक्कल पडलेला दंतवैद्य, पुढे झाला. नातीने गुपित फोडलंच होतं. त्याने जाहीर केलं की रखवालदाराच्या आतला माणूस आज आपल्यात आहे. सगळं थिएटर उठून उभं राहिलं. काकांना धरून पुढे नेलं, खुर्ची दिली, आणि जो प्रश्न येणार होता तो आला. रखवालदार का थांबला? दिग्दर्शकाने तुम्हाला काय सांगितलं होतं?

नातीचा चेहरा उतरलेला काकांना दिसत होता. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांच्या जिभेला ती सवय नव्हती. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगाडा, लाल काचा, घोट्याची दोरी. दोरी वेळेवर आली नाही. दिग्दर्शक चिडला होता, पण सेटवरची लाकडी उतरण मोडून पडल्यामुळे दृश्य पुन्हा घेता येईना, म्हणून तेच ठेवलं.

पुढच्या रांगेतले चेहरे पडले. काकांना वाटलं, आपण पुन्हा एकदा लोकांच्या तोंडावर दार लावलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई उठली. तिला आधी कुणी ओळखलं नाही. नवा सिनेमा तिने लिहिला होता आणि लोकांत बसून पाहावा म्हणून ती गुपचूप आली होती. ती म्हणाली की लहानपणी हा सिनेमा पाहिल्यापासून तिने घरात सगळ्यांना एकच विचारून भंडावलं होतं, तो थांबला का? आई म्हणायची गप्प बस, बाबा म्हणायचे सिनेमात असंच असतं. तिचं समाधान कशानेच झालं नाही. मोठी झाली तरी ते थांबणं डोक्यातून गेलं नाही. शेवटी उत्तर मिळत नाही म्हणून तिनेच ते लिहिलं.

“म्हणजे तुमची दोरी वेळेवर आली असती,” ती सावकाश म्हणाली, “तर मी हे काहीच केलं नसतं.”

ती हसत होती. मग तिने विचारलं, की दोरीची वाट पाहताना आत तुमच्या मनात काय चाललं होतं?

हे काकांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“ती उतरण मीच घाईघाईत ठोकली होती,” ते म्हणाले. “एक फळी सैल राहिली होती. ती पोरगी धावत येणार होती आणि मला दिसत नव्हतं. म्हणून मी जिवाचा कान करून तिची पावलं ऐकत होतो. ती फळी पार करून आली का, एवढंच. दोरी कदाचित ओढलीही असेल. आता सांगता येत नाही.”

लेखिकेने दोन्ही हात तोंडावर ठेवले. पावलं ऐकण्याची गोष्ट तिने आपल्या मनाने रचली होती. नातीच्या मनात आलं, की आजोबांना हे खरंच आठवतंय की सकाळचा सिनेमा त्यांच्या आठवणीत शिरलाय? दिवसभर इतरांचे कान तपासणाऱ्या तिलाही ते ठरवता येईना. कुणालाच ठरवता आलं नसतं, आणि तिथे कुणाला ते ठरवायचंही नव्हतं. लोक उठून एकेक करून काकांपाशी आले. कुणी काही विचारलं नाही. काहींनी नुसता हात हातात घेतला. दंतवैद्य तर त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि इतकी वर्षं आपण त्या रखवालदाराला दगड म्हणत आलो, असं म्हणून मान हलवत राहिला.

परतताना बसमध्ये खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. नात आजोबांकडे चोरून पाहत होती. या माणसाशेजारी बसून तिने हजारदा चहा प्यायला होता. तो आत उभा राहून काय ऐकत होता हे तिला आज कळलं, आणि तेही एका परक्या बाईने विचारलं म्हणून. तिने विचारलं की आजी सिनेमा पाहताना खरंच हसली होती का. आजोबा म्हणाले, हसली होती, पण बाहेर पडल्यावर तिने माझा हात घरापर्यंत सोडला नव्हता. हेही त्यांनी यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

उतरायची वेळ आली तशी त्यांनी गुडघे चाचपले आणि सहज विचारलं, “दार लावल्यावर तो एकटाच राहिला ना तिथे? त्याचं पुढे काय झालं, त्यावर कुणी सिनेमा काढणार आहे का?”

नात म्हणाली की बोलणी चालू आहेत म्हणतात, पण अजून बरीच वर्षं लागतील.

“लागू देत,” खांबकाका म्हणाले आणि मान वाकवून बसच्या दारातून खाली उतरले.