उलटा भागाकार

आमच्या त्रिविक्रम सरांना पुस्तकातली गणितं चालत नाहीत. के. आर. पुरमला त्यांचं मेडिकल आहे. सकाळी वरच्या खोलीत फार्मसीचा क्लास, दुपारी आम्ही शिकाऊ खाली काउंटरवर. सर धारवाडकडचे. एकेकाला उभं करून रोगी देतात, तोही नाव-वयासकट. नाव असलं की माणूस जपून भागाकार करतो, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक नियम, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही आणि दिलेलं उत्तर बदलायचं नाही. मी निपाणीची, तोंडाची फटकळ. मनात म्हटलं, म्हाताऱ्याची हौस, दुसरं काय!

गणित तसं काही अवघड नसतं. डॉक्टरांनी लिहिलेला डोस वर, एका गोळीतलं औषध खाली, आणि भागाकार. त्याआधी दोन्ही एकाच मापात आणायचं. मला पहिला रोगी मिळाला देवाप्पा, वय सत्तर. डोस अर्धा ग्रॅम, गोळी अडीचशे मिलिग्रॅमची. मी अर्ध्या ग्रॅमचे पाचशे मिलिग्रॅम केले आणि दोन गोळ्या म्हणाले. सर 'सरी' म्हणाले, म्हणजे बरोबर. दुपारी काउंटरवर एक देवाप्पा आला, सत्तरीचा, हातात त्याच डोसची चिठ्ठी. मला हसू आलं. इथे देवाप्पांना काय तोटा?

माझ्या शेजारी प्रणीत बसतो. नागपूरचा, आयटीतली नोकरी सोडून आलेला, मनाने चांगला पण कामात धांदरट. एकदा सरांनी त्याला भागुबाई दिल्या, वय अडुसष्ट. हृदयाची गोळी, डोस शून्य पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश मिलिग्रॅम आणि गोळी त्याच्या बरोबर दुप्पट. म्हणजे अर्धी गोळी, शेंबडं पोरही सांगेल. या बाबाने वरचं खाली घातलं, खालचं वर, आणि ठणकावून 'दोन' म्हणाला. सरांनी फळा पुसला.

दुपारी एक बाई स्ट्रिप परत द्यायला आली. सासूबाई सकाळी गेल्या म्हणाली. नाव विचारलं तर भागुबाई. स्ट्रिपची दोन घरं रिकामी होती. ती शपथेवर सांगत होती की चिठ्ठीवर अर्धी होती आणि तिने स्वतःच्या हाताने मोडून अर्धीच दिली होती. मी चिठ्ठी बघितली. अर्धीच होती. प्रणीतचं सकाळचं 'दोन' आठवलं.

सरांना विचारलं, ही नावं आणता कुठून. तोंडाला येतात म्हणाले आणि चहा पीत राहिले. प्रणीतला सांगितलं तर तो हसला, अक्का, स्वल्प झोप घे म्हणाला. मी काही त्याला सोडलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून घोकून घ्यायचे, डोस वर, गोळी खाली. तो मान हलवायचा आणि माझ्या डब्यातलं लोणचं संपवायचा.

त्यात माझ्याच छातीत धडधड सुरू झाली. बेळ्ळंदूरच्या डॉक्टरांनी काल गोळी लिहून दिली, रोज अर्धी. आपल्या दुकानातून नको म्हणून तिथूनच घेतली आणि उद्यापासून सुरू करू म्हणून तशीच पर्समध्ये टाकली. क्लासात कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आज सकाळी सरांनी प्रणीतला उभं केलं.

"रोगी रंजिता, वय बावीस," ते म्हणाले. पुढे डोस आणि गोळी सांगितली. ती भागुबाईंचीच होती, आणि माझीही.

नाव माझं, वयही माझंच. प्रणीत माझ्याकडे बघून हसला, जणू गंमतच चाललीय. मग फळ्यावर आकडे मांडायला लागला. मेल्याने वर गोळी लिहिली.

"अर्धी!" मी ओरडले. "प्रणीत, अर्धी म्हण!"

"ज्याला विचारलंय त्यानेच सांगायचं," सर शांतपणे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

प्रणीत गोंधळला. त्याने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फळ्याकडे. मी हात जोडले. घोकलेलं सगळं त्याच्या डोळ्यांतून उडून गेलेलं मला दिसत होतं.

"दोन," तो म्हणाला.

सरांनी फळा पुसला. मी पर्स उघडली. स्ट्रिपला मी अजून हातही लावला नव्हता, देवाशपथ. दोन घरं रिकामी होती आणि माझ्या तोंडात कडू चव उतरत होती.