मनोगताच्या पानावरचं मांजर

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळाची गणपतीतली स्मरणिका अकरा वर्षं मी सजवते आणि अकरा वर्षं पहिल्या पानावर छापून येतं, सजावट : जगन्नाथ केळकर. दुसऱ्या वर्षी विचारलं तेव्हा अध्यक्ष जगन्नाथराव म्हणाले, मंडळात कसलं आलंय तुझं-माझं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

या वसंतात म्युझियममध्ये युरोपातल्या सातशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या. मधे प्रार्थना आणि समासात भलतंच. सशांनी शिकाऱ्याला बांधून भाजायला घेतलेलं, गोगलगाईपुढे चिलखतवाला गुडघे टेकतोय आणि एक मांजर, तोंड चक्क माणसाचं, पाय वर करून स्वतःला चाटतंय. त्या चित्रकाराचंही नाव कुठे नव्हतं. त्यानं कुणावर तरी राग काढला होता, याची मला खात्रीच पटली.

घरी येऊन मी ब्रश भिजवले. आरत्यांच्या पानांवर फक्त जास्वंद काढली, कारण माझं भांडण देवाशी नव्हतं. अध्यक्षांच्या मनोगताभोवती मात्र ससे नाचवले आणि कोपऱ्यात तेच मांजर बसवलं. नाक जगन्नाथरावांचं, मिशी त्यांची, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्माही त्यांचाच. पाय वर. प्रूफमध्ये ते फक्त स्वतःचं नाव तपासतात, हे मला ठाऊक होतं.

प्रकाशनाला शाळेच्या हॉलमध्ये चारशे माणसं होती. प्रती वाटल्या गेल्या आणि जगन्नाथरावांनी माईक घेतला.

"यंदाचं सगळं आर्टवर्क मी स्वतः केलंय. माझ्या मनोगताचं पेज मिस करू नका."

पानं उलटली. पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी, पद्मिनीवहिनी म्हणाल्या, "अहो, हे मांजर तुम्हीच की."

हॉल हसून लोटपोट झाला. त्यांनी घाईघाईनं प्रत उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी तिसऱ्या रांगेतून तो डोळे भरून पाहिला. मला जराही दया आली नाही.

"हे मी नाही काढलं," ते म्हणाले.

"मग कोणी काढलं?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून पान पुन्हा पाहिलं. माईक चालूच होता.

"सुलेखा तांब्यांनी," ते म्हणाले. "दरवर्षी त्याच काढतात."

मी उभी राहिले आणि चारही बाजूंना वळून नमस्कार केला.